मनगटाची फिरकी आणि आमचा वऱ्हाड

दारव्ह्यात आमची उर्दू शाळा सुटली की मागच्या मोकळ्या जागेत मुलांचा खेळ सुरू होतो. जागा काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे पाय रुततो आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर काडीने उकरून काढावा लागतो. स्टंप म्हणजे तीन तुराट्या. चेंडू बहुतेक वेळा टेनिसचा. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो आणि खेळाचा तासही आमच्याकडेच आहे. बी.एड.ला क्रिकेट शिकवत नाहीत. जे काही येते ते खेळून, पाहून आणि वाचून आलेले आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी सातवीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, शेन वॉर्न ऑस्ट्रेलिया का, राशिद खान अफगाणिस्तान का. अपने इधर का कोई लेगस्पिनर हुआ क्या कभी?"

आम्ही लगेच उत्तर दिले, "अपने इधर का? नहीं बेटा."

शिक्षकाने माहीत नसलेल्या गोष्टीचे उत्तर इतक्या चटकन देऊ नये. त्या रात्री सहज एक जुने पुस्तक चाळत असताना आमच्या लक्षात आले, की आम्ही मुलाला खोटे सांगितले होते. लेगस्पिन टाकणारा, भारताकडून कसोटी खेळलेला आणि एका सामन्यात जगात कोणीच टाकले नाहीत इतके चेंडू टाकलेला माणूस नागपुरात जन्मला होता. दारव्ह्याहून यवतमाळमार्गे एस.टी.ने गेले तर चार-पाच तासांचे नागपूर! दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही मुलाची माफी मागितली. त्याच्यासाठी म्हणून जे जे गोळा करत गेलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. यातला थोडा भाग इतिहासाचा आहे, थोडा आमच्या स्वतःच्या चुकीचा.

आधी मनगटाची फिरकी म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण क्रिकेट पाहणाऱ्या पुष्कळ लोकांनाही हा फरक ठाऊक नसतो. फिरकीचे दोन प्रकार. एकात चेंडू बोटांनी फिरवतात, मुख्यतः तर्जनीने. ऑफस्पिनर आणि नेहमीचे डावखुरे फिरकी गोलंदाज हे करतात. दुसऱ्यात चेंडूला गती मनगट देते. तर्जनी आणि मध्यमा शिवणीवर आडव्या, अनामिका दुमडून शिवणीला टेकलेली, अंगठा नुसता आधाराला. हात वर येताना मनगट आत मुडपलेले असते. चेंडू सुटण्याच्या क्षणी ते झटक्याने उघडते आणि अनामिका चेंडूला फिरकी देते. टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेर, ऑफ स्टंपकडे वळतो. हा झाला लेगब्रेक.

मुलांना हे आम्ही भोवऱ्यावरून समजावतो. जाळी गुंडाळून भोवरा सोडताना मनगट कसे झटकता? दंड नाही, खांदा नाही, मनगट. ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस गोफण फिरवतो, तेव्हाही शेवटचा झटका मनगटाचाच असतो. गावातल्या मुलाला मनगट शिकवावे लागत नाही. त्याच्यापाशी ते आहे एवढेच त्याला सांगावे लागते.

आता त्याच मनगटाची दिशा थोडी बदलली आणि चेंडू सुटताना पंजाची मागची बाजू फलंदाजाकडे गेली, तर चेंडू उलटा, बाहेरून आत वळतो. हीच गुगली. तिचा जनक इंग्लंडचा बर्नार्ड बोझांकेट. टेबलावर टेनिसचा चेंडू उडवून समोरच्याला चकवण्याच्या एका घरगुती खेळातून त्याला ही युक्ती सुचली. १९०० साली त्याने ती मोठ्या सामन्यात प्रथम वापरली. गुगलीवर त्याला मिळालेला पहिला बळी सॅम्युएल को या फलंदाजाचा, आणि तो चेंडू म्हणे चार टप्पे घेत गेला होता. आमची मुले हे ऐकून फार हसतात. चार टप्प्यांचा चेंडू आमच्या मैदानावर रोज पडतो. पण तोच बोझांकेट चार वर्षांनी, १९०४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचे ६ बळी ५१ धावांत घेऊन गेला. त्याच्याकडून ही विद्या दक्षिण आफ्रिकेच्या गोलंदाजांनी उचलली. १९०७ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला आला तेव्हा त्यात गुगली टाकणारे चौघे होते. पुढे ती जगभर गेली.

आणि ती नागपुरातही आली.

सी. के. नायडूंचे नाव सर्वांना माहीत आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. जन्म नागपूर, १८९५. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी केलेल्या १५३ धावा आणि त्यातले ११ षटकार यांच्या कहाण्या जुने लोक सांगत आले आहेत. त्यांच्या धाकट्या भावाचे नाव मात्र आज नागपुरातही फारसे कोणी घेत नाही. कोट्टारी सुब्बण्णा नायडू, म्हणजे सी. एस. जन्म नागपूर, १८ एप्रिल १९१४. तो लेगब्रेक आणि गुगली टाकत असे. १९३४ च्या जानेवारीत कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला, तेव्हा वय अजून वीसही नव्हते. १९३६ आणि १९४६ चा इंग्लंड दौरा, १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा, सगळीकडे तो होता.

कसोटीचे आकडे पाहिले तर मन खट्टू होते. ११ कसोटी, २ बळी. बस्स. केवळ हे आकडे पाहणारा म्हणेल, हा कसला गोलंदाज? पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत याच माणसाने सहाशेहून अधिक बळी घेतले. बडोद्याकडून खेळला, होळकरांकडून खेळला. १९४२-४३ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला, त्या यशातही त्याच्या फिरकीचा वाटा होता.

मार्च १९४५ मधला मुंबई आणि होळकर यांच्यातला रणजीचा अंतिम सामना आम्ही मुलांना फळ्यावर आकडे मांडून शिकवला. ब्रेबोर्न स्टेडियम. सामना निकालापर्यंत खेळायचा, दिवसांची मर्यादा नाही. मुंबई पहिल्या डावात ४६२, दुसऱ्या डावात ७६४. होळकर ३६० आणि ४९२. त्या वेळी महायुद्धाच्या निमित्ताने भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही सामना वाचवू शकला नाही. मुंबईकडून विजय मर्चंटने दुसऱ्या डावात २७८ काढल्या. या सगळ्या धावांच्या पुरात एका टोकाकडून सी. एस. गोलंदाजी करत होता. पहिल्या डावात ६४.५ षटके, दुसऱ्या डावात ८८. एकूण १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू. ४२८ धावा दिल्या, ११ बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतके चेंडू आजवर कोणी टाकलेले नाहीत आणि इतक्या धावाही कोणी दिलेल्या नाहीत. दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

मुलांना आम्ही विचारले, "यात नवल कशाचे?" एक म्हणाला, धावांचे. दुसरा म्हणाला, खांदा दुखला नसेल का? मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, कप्तान ने निकाला नहीं उसको?"

हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. काढले नाही! होळकरांचे कर्णधार सी. के. होते. सख्खा भाऊ म्हणून काढले नाही, असे कोणी म्हणेल. पण ११ बळी घेणाऱ्या गोलंदाजाला कोणता कर्णधार काढील? मनगटाने फिरकी टाकणारा धावा देतोच. मनगटाचा कोन केसभर चुकला की टप्पा हातभर चुकतो. चूक आणि जादू एकाच सांध्यातून निघतात. म्हणून या गोलंदाजाला चेंडूइतकीच कर्णधाराच्या भरवशाची गरज असते.

त्याच काळात बडोद्याकडून खेळणारा दुसरा लेगस्पिनर होता अमीर इलाही. जन्म लाहोरचा, १९०८. सुरुवातीला तो मध्यमगती गोलंदाज होता, नंतर लेगब्रेक आणि गुगलीकडे वळला. पंचरंगी सामन्यांत मुस्लिम संघाकडून तो खेळे आणि सी. एस. हिंदू संघाकडून. धर्मावर उभे केलेले ते सामने १९४६ नंतर बंद झाले, हे योग्यच झाले. महात्मा गांधींनीही त्यांना विरोध केला होता. पण रणजीच्या संघांत चित्र वेगळे होते. मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच होळकरांविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती विजय हजारे आणि लाहोरचे गुल मोहम्मद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. गायकवाडांच्या बडोद्याची टोपी दोघांच्या डोक्यावर. फाळणी पाच महिन्यांवर आली होती. ती भागीदारी कोणत्याही जोडीसाठीचा जागतिक विक्रम म्हणून २००६ पर्यंत टिकली.

अमीर इलाही डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला भारताकडून एक कसोटी खेळला. फाळणी होऊन तेव्हा चार महिने झाले होते. नंतर तो पाकिस्तानात गेला आणि १९५२-५३ मध्ये पाकिस्तानचा पहिला संघ भारतात आला तेव्हा तो त्या संघात होता. पाच कसोटी खेळला. भारत आणि पाकिस्तान अशा दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले तिघेच आहेत. अब्दुल हफीज कारदार, गुल मोहम्मद आणि हा लेगस्पिनर. चव्वेचाळिसाव्या वर्षी, ज्या देशाकडून खेळलो त्याच्याविरुद्ध त्याच्याच मैदानावर उतरताना त्याला काय वाटले असेल, याची नोंद आकड्यांच्या तक्त्यात नसते. आम्ही मुलांना एवढेच सांगितले की माणूस तोच होता आणि मनगटही तेच होते.

आता महाराष्ट्राच्या संघाकडे येऊ. सदाशिव गणपत शिंदे, सगळे त्यांना सदू शिंदे म्हणत. जन्म १९२३. लेगब्रेक आणि गुगली. १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध खेळताना त्यांनी ७५.५ षटके टाकून १८६ धावांत ५ बळी घेतले. त्याच डावात विजय मर्चंट नाबाद ३५९ होते. समोर साडेतीनशे धावा करणारा उभा असताना विशीतला मुलगा पंच्याहत्तर षटके टाकतो आणि निम्मा संघ बाद करतो, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे ते सात कसोटी खेळले, १२ बळी घेतले. त्यातले ६ बळी १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध एकाच डावात, ९१ धावांत. ती कसोटी अनिर्णित राहिली. १९५५ च्या जूनमध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१. त्यांच्या कन्या प्रतिभाताई म्हणजे शरद पवारांच्या पत्नी. भारतीय क्रिकेट मंडळाचे आणि पुढे जागतिक क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झालेल्या पवारांनी २०२३ मध्ये पुण्यात राजकारणातल्या एका डावाविषयी बोलताना सासऱ्यांच्या गुगलीची आठवण काढली होती. 'गुगली टाकली' हे आपण मराठीत रोज म्हणतो. ज्यांनी ती मैदानावर टाकली, त्यांची नावे मात्र आपण विसरून गेलो.

आणि सुभाष गुप्ते. मुंबईचे. जन्म ११ डिसेंबर १९२९. ज्यांनी त्यांना पाहिले त्यांतले पुष्कळजण आजही म्हणतात की वॉर्नपूर्वीचा सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर हाच. सर गारफिल्ड सोबर्स त्यांत आहेत. १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गुप्त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले, आणि तेही वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिघे समोर असताना. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत ३४. मुंबईकडून पाकिस्तानच्या एका संघाविरुद्ध त्यांनी डावातले सर्व दहा बळी घेतले, ७८ धावांत. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर वेस्ट इंडिजचे ९ बळी १०२ धावांत. दहावा बळी वसंत रांजण्यांनी घेतला म्हणून, नाहीतर कसोटीत एकट्याने दहा बळी घेणाऱ्यांत जिम लेकरच्या शेजारी गुप्त्यांचे नाव लागले असते. ३६ कसोटी, १४९ बळी.

या माणसाची कसोटी कारकीर्द कशी संपली, ते मुलांना सांगताना आम्हाला जड गेले. डिसेंबर १९६१, इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी. संघ हॉटेलात उतरला होता. गुप्त्यांच्या खोलीतल्या जोडीदाराने हॉटेलातल्या स्वागतिकेला फोन केला. तिने तक्रार केली. फोन गुप्त्यांनी केला नव्हता, पण खोली दोघांची होती. मंडळाने दोघांनाही बाहेर बसवले. तुम्ही त्याला अडवले का नाही, असे गुप्त्यांना विचारण्यात आले. पुढच्या वेस्ट इंडिज दौऱ्याला त्यांना नेले नाही. ते पुन्हा कधी भारताकडून खेळले नाहीत. वय ३२. लेगस्पिनर खरा पिकतो तो याच वयात. ते वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला, पत्नीच्या देशात स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंदूरला सी. एस. नायडू गेले. मनगटाच्या फिरकीचे दोन जुने वारकरी एकाच वर्षात गेले.

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक आहे. म्हैसूरच्या चंद्रशेखरचा उजवा हात बालपणी पोलिओने बारीक झालेला. त्याच हाताने त्याने १९७१ मध्ये ओव्हलला ३८ धावांत ६ बळी घेऊन अजित वाडेकरांच्या संघाला इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकून दिली. 'लगान'मधला कचरा आठवा. अधू हाताचा, गावकुसाबाहेरचा, आणि चेंडू असा वळवणारा की गोऱ्यांची भंबेरी उडावी. पडद्यावर तो मुलगा संघात येतो तेव्हा गाव त्याला घ्यायला तयार नसते. कर्णधार उभा राहतो तेव्हा तो आत येतो. तिथेही प्रश्न भरवशाचाच आहे.

भरवसा तुटला की काय होते, याचेही उदाहरण आहे. लक्ष्मण शिवरामकृष्णन सतराव्या वर्षी कसोटी खेळला. १९८४ मध्ये वानखेडेवर इंग्लंडचे एका सामन्यात १२ बळी घेतले. १९८६ मध्ये, विशी नुकतीच ओलांडली असताना, त्याची कसोटी कारकीर्द संपली. ९ कसोटी, २६ बळी. नरेंद्र हिरवाणीने जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ बळी १३६ धावांत घेतले. पण पुढे तोही फार काळ संघात स्थिर राहू शकला नाही. मुंबईच्या साईराज बहुतुलेने प्रथम श्रेणीत ६३० बळी घेतले आणि कसोटी मिळाल्या दोन. यात दोष सगळा निवडणाऱ्यांचा होता असे आम्ही म्हणत नाही. समोर अनिल कुंबळेसारखा ६१९ बळींचा धनी असेल तर दुसऱ्याला जागा कशी मिळणार? पण कुंबळेही चेंडू फारसा वळवत नाही म्हणून सुरुवातीला टीका सोसतच उभा राहिला.

विदर्भाकडे पाहू. आमचा संघ १९५७ पासून रणजी खेळतो. साठ वर्षे आम्ही हरणाऱ्यांतच होतो. मग चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ मध्ये करंडक आला, २०१८-१९ मध्ये पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. या तिसऱ्या वर्षी हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रम केला. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारने तर दोन्ही हातांनी फिरकी टाकून दाखवली. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने चारही षटके निर्धाव टाकली, दोन बळी घेतले आणि धाव एकही दिली नाही! दारव्ह्यात त्या दिवशी आमच्या मुलांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पण नीट पाहिले तर हे दोघेही बोटांचे फिरकी गोलंदाज आहेत. सी. एस. नायडूच्या गावाने आणि मुलखाने मनगटाचा तसा दुसरा गोलंदाज अजून देशाला दिलेला नाही. का दिला नाही? याचे उत्तर शोधताना आम्हाला नागपूर, मुंबईकडे बोट दाखवावे लागले नाही. उत्तर आमच्या शाळेमागच्या मैदानावर सापडले.

चार वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा होता. वडील हमाली करत. हात लांब, मनगट लवचिक, जणू त्यात हाडच नाही. न शिकवता लेगब्रेक टाकायचा. चेंडू हवेत पायाकडे सरकायचा आणि टप्पा पडून बाहेर वळायचा. हवेत एकीकडे आणि जमिनीवर दुसरीकडे, हे फिरत्या चेंडूवर हवेचा दाब कमी-जास्त पडल्याने घडते. त्याला काही ते माहीत नव्हते. आम्ही त्याला आंतरशालेय सामन्यात घेतले. पहिल्या षटकात दोन चेंडू आखूड, एक डोक्यावरून, एक पायावर. सतरा धावा गेल्या. कप्तानाने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. त्याला काढले.

संध्याकाळी आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, घुमाना छोड. सीधा डाल, जगह पे डाल."

मैदानाच्या कडेला रोज बसणारे एक म्हातारे शेतकरी आहेत. ते ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, पोरगं मार खाते, पन वयवते ना. सरका टाकनारे गावात पन्नास हायेत."

आम्ही ऐकले नाही. आमचा मुलगा शहाणा, गुरूचे ऐकणारा. सरळ टाकू लागला. वर्षभरात त्याच्या चेंडूतले वळण गेले. पुढच्या वर्षी तो एका निवड चाचणीला गेला. कोणती, कोठली, ते इथे महत्त्वाचे नाही. तिथल्या एका गृहस्थांनी मराठीत विचारले, काय टाकतोस? मुलगा गप्प उभा राहिला. त्याला उत्तर येत होते, मराठी बोलताना चुकेन या भीतीने तो गप्प राहिला. 'पुढचा' म्हणून त्यांनी हात केला. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. दहावीनंतर पुण्याकडे कुठे कामाला गेला असे कळले.

त्या गृहस्थांवर आमचा राग होता. बरेच दिवस होता. मग एका रात्री १९४५ च्या त्या सामन्याचे आकडे पुन्हा लिहीत असताना वाटले, राग कोणावर? ४२८ धावा देणाऱ्याला कर्णधाराने चेंडू देत ठेवला. आम्ही सतरा धावांत हात काढून घेतला. आणि मराठीचे काय? आमच्या वर्गात मुलगा मराठी वाचताना 'ळ'ला 'ल' म्हणतो तेव्हा बाकीचे हसतात. आम्ही ते हसणे वेळीच थांबवले होते का? उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी येत नाही ही तक्रार आपण सगळे करतो, आणि ती पूर्ण खोटीही नाही. पण भाषा चुकत चुकतच येते. चुकू दिले नाही तर मूल गप्प बसते आणि ते गप्प बसणे आपण त्याचे अज्ञान समजतो. लेगब्रेक आणि मराठी या दोन्ही बाबतीत आम्ही त्या मुलाला एकाच पद्धतीने गमावले.

त्यानंतर आम्ही आमची रीत बदलली. ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवीन मुलाला बावीस यार्डांवर उभे करायचे नाही. आधी जागेवरच, एका हातातून दुसऱ्या हातात चेंडू फिरवायचा. मग दहा-बारा पावलांवर जोडीदार. मग भिंत. चेंडू गुरगुरत फिरतो आहे का, एवढेच पाहायचे. टप्पा कुठे पडला ते पहिले सहा महिने विचारायचे नाही. आधी वळण, मग दिशा. दिशा सरावाने येते. वळण एकदा गेले की परत आणणे कठीण, हे आम्ही मोल देऊन शिकलो आहोत. चेंडू खाली आपटायचा नाही, वर, फलंदाजाच्या डोळ्यांच्या वरून जाईल असा उंच द्यायचा, तो आपोआप खाली बुडतो. गुगली मागितली तरी लवकर शिकवायची नाही. गुगलीच्या नादाला लागलेल्या मुलाचे मनगट तिकडेच वळते आणि मूळ लेगब्रेक हरवतो. आणि शेवटचा नियम कप्तानासाठी. मनगटाने टाकणाऱ्याला एका षटकावर काढायचे नाही. किमान तीन. सामना गेला तर आमच्या नावावर.

या नियमाखाली आम्ही दोन सामने हरलो आहोत. एका पालकाने येऊन विचारलेही, हा काय प्रकार आहे? आम्ही त्यांना बसवून चहा दिला आणि सी. एस. नायडूची गोष्ट सांगितली. पटली की नाही, माहीत नाही. चहा मात्र पूर्ण घेतला.

गेल्या हिवाळ्यात कापसाची वेचणी चालू होती तेव्हा सातवीतल्या एका मुलीने वेचणीच्या सुट्टीहून आल्यावर चेंडू मागितला. पुण्याच्या देविका वैद्यने भारताकडून लेगस्पिन टाकली आहे, हे तिने कुठेतरी वाचले होते. दिवसभर बोंडातून कापूस ओढणाऱ्या हाताला मनगट काय ते सांगावे लागले नाही. पहिला चेंडू चार टप्पे घेत गेला. पोरे हसली. आम्ही त्यांना बोझांकेटची आठवण दिली, तशी गप्प झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचा एक चेंडू लेगला पडून मधल्या तुराटीवर गेला. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनी काही म्हटले नाही, फक्त आमच्याकडे पाहून मान डोलावली.

आमच्या गावातून कधीकाळी शकुंतला धावत असे. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या कंपनीने टाकलेली यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद मार्गाची गाडी. आता ती बंद आहे. इथून माल गेला, माणसे गेली आणि इथे काही नव्हतेच असे आपण आपल्या मुलांना सांगत राहिलो. नागपूरचा सी. एस. आमच्या मुलांना आता माहीत आहे. सदू शिंदे, गुप्ते, अमीर इलाही यांची नावे त्यांना मराठीत लिहिता येतात. चुका होतात, दुरुस्त करून घेतो.

तो हमालाचा मुलगा कधी सुट्टीवर दारव्ह्याला आला, तर त्याला एकदा मैदानावर बोलवायचे आहे. त्याच्या हातात चेंडू द्यायचा आहे आणि 'घुमा, बेटा' एवढेच म्हणायचे आहे.